टाकीपेक्षा मोठा मासा

शोभेच्या माशांच्या दुकानात बोटभर लांबीचा रुपेरी मासा ‘शार्क’ म्हणून विकला जातो. तो शार्क नव्हे. तो शिंगाळा-मागूर यांच्या गणातला, मेकाँग नदीतला पंगास. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. आंध्रात तो खाण्यासाठी तळ्यांत वाढवतात. पूर्ण वाढलेला पंगास १.३ मीटर लांब आणि ४० किलोंहून जड होऊ शकतो.

‘टाकी लहान, तर मासाही लहानच राहतो,’ असे विक्रेते सांगतात. टाकीत वाढ खुंटते हे खरे. पण ती खुंटते पाण्यात साठणाऱ्या मलमूत्रामुळे आणि अपुऱ्या जागेमुळे. मासा जागेशी जुळवून घेत नसतो, तो खंगत असतो. थव्याने दूरवर पोहणारा हा मासा टाकीत दचकून काचेवर आपटतो.

मग कंटाळलेला किंवा कळवळलेला मालक त्याला तळ्यात सोडतो. काच साफ ठेवणारा म्हणून विकला जाणारा सकर अशाच वाटेने आपल्या जलाशयांत पोचला. तोही दीड फुटापर्यंत वाढतो, काठावर बिळे खणतो आणि त्याच्या काटेरी कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात.

म्हणून भाव विचारण्याआधी विचारावे : हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? याचे उत्तर टाकीवरच लिहिणे विक्रेत्याला बंधनकारक असायला हवे.