इंग्रजी समासांचे अनेकवचन आणि प्रधान पद

इंग्रजी सामासिक नामांची अनेकवचने आपल्याकडे बहुधा अपवादांची यादी म्हणून पाठ करवून घेतली जातात. ‘मदर-इन-लॉ’चे ‘मदर्स-इन-लॉ’, ‘पासर-बाय’चे ‘पासर्स-बाय’, परंतु ‘स्पूनफुल’चे ‘स्पूनफुल्स’. वस्तुतः हे अपवाद नव्हेत. प्रत्यय समासातील प्रधान पदास लागतो, एवढाच नियम आहे. आणि प्रधान पद ओळखण्याची रीत संस्कृत वैयाकरणांनी केव्हाच घालून दिली आहे.

इंग्रजी समास सामान्यतः उत्तरपदप्रधान. म्हणून ‘टूथब्रश’ सगळे दात घासत असला तरी त्यातील ‘टूथ’ एकवचनीच राहतो. ‘अटर्नी जनरल’मध्ये मात्र फ्रेंच वळणाने विशेषण मागाहून आलेले आहे. प्रधान पद ‘अटर्नी’, तेव्हा ‘अटर्नीज जनरल’.

मग ‘मेजर जनरल्स’ का? सतराव्या शतकात या हुद्द्याचे नाव ‘सार्जंट-मेजर-जनरल’ असे होते व त्यातील ‘जनरल’ हेही मुळात विशेषणच. पुढे ‘सार्जंट’ गळाले, ‘जनरल’ हे स्वतंत्र नाम म्हणून रूढ झाले आणि बोलणाऱ्यांनी तेच प्रधान मानले. म्हणजे प्राधान्य व्युत्पत्तीने ठरत नाही, भाषिकांच्या चालू जाणिवेने ठरते. ‘कोर्ट्स मार्शल’ व ‘कोर्ट मार्शल्स’ ही दोन्ही रूपे कोशांत आढळतात ती याच संक्रमणामुळे. दुसऱ्यास अशुद्ध ठरविण्याची घाई न केलेली बरी.

खरा कस लागतो तो बहुव्रीहीत. ही संज्ञा पाश्चात्त्य व्याकरणकारांनीही जशीच्या तशी स्वीकारली आहे. ‘हाफ-लाइफ’ म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य. ते एक प्रकारचे आयुष्यच, म्हणून ‘हाफ-लाइव्हज’. ‘लोलाइफ’ हे मात्र जीवन नव्हे, हीन जीवन जगणारा माणूस होय. येथे प्रधान पद समासाबाहेर असल्याने ‘लाइफ’चे अनियमित रूप पुढे येऊ शकत नाही व ‘लोलाइफ्स’ असे नियमित अनेकवचन होते.

‘वुमन डॉक्टर’चे ‘विमेन डॉक्टर्स’ मात्र या व्यवस्थेत सरळ बसत नाही. प्रत्यय दोन्ही पदांस, पण अर्थ द्वंद्वाचा नसून कर्मधारयाचा. आणि त्याच घडणीच्या ‘गर्लफ्रेंड’ला प्रत्यय एकच पुरतो.