ओबोच्या पहिल्या खुर्चीची वंशावळ

न्यूयॉर्क सिंफनीचे संचालक वॉल्टर डॅमरॉश यांनी १९०५ मध्ये फ्रान्सहून पाच वादक आणले, म्हणून वादकांच्या संघटनेने त्यांना हजार डॉलर दंड ठोठावला. इथले वादक असताना बाहेरचे कशाला, हा संघटनेचा सवाल होता. त्या पाचांत अठरा वर्षांचे मार्सेल ताब्युतो होते. काँपिएनच्या एका घड्याळजीचा हा मुलगा पॅरिसला जॉर्ज जिले यांच्याकडे ओबो शिकला आणि १९०४ मध्ये कॉन्झर्व्हेटॉयरचं पहिलं पारितोषिक मिळवून बाहेर पडला. पुढे त्याच्या शिष्यांनी अमेरिकेतल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये ओबोची पहिली खुर्ची मिळवली.

ही खुर्ची मिळणं किती दुर्मीळ, ते आधी पाहू. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात, ओबोवादक दोन ते चार आणि त्यांतला मुख्य एकच. एकदा बसलेला माणूस सहसा निवृत्तीपर्यंत उठत नाही. ताब्युतो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९१५ पासून १९५४ पर्यंत मुख्य ओबोवादक होते. म्हणजे एकोणचाळीस वर्षं ती जागा दुसऱ्या कुणासाठी नव्हतीच! त्यामुळे ओबोवादकाच्या पोटापाण्यात शिकवण्या पहिल्यापासूनच आल्या. पण या वाद्यात शिकवण्याला पोटापाण्यापलीकडचं कारण आहे, आणि ते रीडमध्ये, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या पत्तीत, दडलेलं आहे.

सनईसारखीच ओबोचीही रीड दुहेरी. ती बोरूच्या जातीच्या, पोकळ दांड्याच्या गवतापासून करतात आणि त्यासाठी दक्षिण फ्रान्समधलं वार खोरं नावाजलेलं आहे. दांडा चिरायचा, आतून कोरायचा, आकार द्यायचा, दुमडून बारीक नळीवर दोऱ्याने बांधायचा आणि मग चाकूने टोक तासत जायचं. केसाइतकी जास्त तासली तर रीड वाया. जमली तरी काही तासांच्या वादनात थकते. त्यामुळे व्यावसायिक वादकाचे दिवसातले कित्येक तास चाकू हातात घेऊनच जातात. हे पुस्तकावरून येत नाही. गुरूच्या शेजारी बसून, त्याने नापास केलेल्या रीड पुन्हा तासत शिकावं लागतं. श्वासाचंही तसंच. रीडचं तोंड इतकं अरुंद की वादकाचा दम संपत नाही, उलट छातीत वापरलेली हवा साठून राहते. नवा श्वास घेण्याआधी ती बाहेर टाकावी लागते.

मेरी लुईस कर्टिस बोक यांनी १९२४ मध्ये फिलाडेल्फियात कर्टिस इन्स्टिट्यूट हे संगीत विद्यालय काढलं, तेव्हा ताब्युतो तिथे शिकवू लागले. १९२८ पासून तिथे विद्यार्थ्यांकडून फी घेणं बंद झालं, त्यामुळे निवड निव्वळ गुणांवर होई. ताब्युतो स्वरांच्या तीव्रतेला आकडे देत. एकच स्वर एकपासून चढत न्यायचा आणि तसाच उतरवायचा. स्वरांचे गटही ते असे बांधत, की प्रत्येक गट पुढच्या ठोक्याकडे झुकेल. जीभ तिखट, शाबासकी दुर्मीळ.

त्या वर्गातून हॅरल्ड गॉम्बर्ग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला, त्यांचे भाऊ राल्फ बोस्टनला आणि जॉन मॅक क्लीव्हलंडला पोचले. मुलींना घ्यायला ताब्युतो आधी नाखूश होते. लायला स्टॉर्च हटल्या नाहीत. १९४५ मध्ये कर्टिसमधून ओबोची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ह्यूस्टन सिंफनीत त्या मुख्य ओबोवादक होत्या, नंतर वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि २००८ मध्ये गुरूचं चरित्र प्रसिद्ध केलं.

शिष्यपणाची किंमतही असते. ताब्युतोंचे शिष्य जॉन द लॅन्सी सैनिक म्हणून जर्मनीत होते, तेव्हा १९४५ मध्ये त्यांनी संगीतकार रिचर्ड स्ट्रॉस यांना विचारलं, ओबोसाठी कॉन्चेर्टो लिहायचा विचार आहे का? उत्तर मिळालं, नाही. पण थोड्याच काळात स्ट्रॉस यांनी तो लिहिला आणि अमेरिकेतल्या पहिल्या प्रयोगासाठी द लॅन्सी यांचं नाव सुचवलं. ते तोवर फिलाडेल्फियात गुरूच्या हाताखालच्या खुर्चीवर बसले होते. मुख्य वादक असताना दुय्यमाने तो वाजवायचा कसा? मान गेला दुसरे ओबोवादक मिच मिलर यांच्याकडे. गुरू निवृत्त झाल्यावर, १९५४ मध्ये, द लॅन्सी मुख्य खुर्चीवर आले आणि १९७७ मध्ये कर्टिसचेच संचालक झाले.

आपल्याकडे मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या (एनसीपीए) छताखाली २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्यात सुरुवातीपासून परदेशी वादकांचा, विशेषतः कझाकस्तानातल्यांचा, मोठा भरणा होता. डॅमरॉश यांनी १९०५ मध्ये केलं तेच हे. पण वादक आणल्याने परंपरा येत नाही. ओबो विकत आणता येतो, तयार रीडही मागवता येतात. मात्र रीड हवेतल्या ओलाव्याने बदलते. युरोपच्या कोरड्या हिवाळ्यात नीट बोलणारी रीड मुंबईच्या जुलैत तशीच बोलेल, याची खात्री नाही. ती इथेच, इथल्या हवेत तासावी लागेल, आणि तासायला शिकवणारा माणूस इथे मुक्कामाला असावा लागेल. फिलाडेल्फियाला तो माणूस आपल्या खुर्चीवरच मिळाला, कारण त्या शहराने वाजवायची जागा आणि शिकवायची जागा एकाच माणसाला दिली.