डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा

आई जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्याकडे आली होती. मधुमेह जुना, म्हणून इथल्या नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला: नारिंगी गोल, त्यात एका पिवळसर ठिपक्यातून फुटलेल्या लाल शिरा. "यातली शीर कुठली, ते मशीनला कसं कळतं रे?" आईनं विचारलं. मोटारींच्या या गावात माझा दिवस यंत्रांतच जातो, तरी मला सांगता येईना. मग वाचत मागे गेलो.

वाचता वाचता १९८९ला पोचलो. त्या वर्षी सुभाशिष चौधरी आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांचा अशा शिरा शोधण्यावरचा निबंध आला. शीर मधोमध सर्वांत गडद असते, कडांकडे फिकी होत जाते. त्या चढउताराचा त्यांनी साचा केला. शीर कुठल्या दिशेला धावेल याचा नेम नाही, म्हणून तोच साचा पंधरा-पंधरा अंशांनी फिरवून बारा साचे केले. फोटोतल्या प्रत्येक बिंदूवर बाराही लावून पाहायचे आणि जो सर्वांत नेमका बसेल तो धरायचा. माणसाच्या नजरेनं टिपलेलं इतक्या साधेपणानं गणितात उतरलं! या सगळ्या प्रवासातला मला हाच टप्पा सर्वांत देखणा वाटतो. चौधरी पुढे पवईच्या आयआयटीत आले आणि २०१९मध्ये तिचे संचालक झाले.

पण रक्तस्रावाच्या डागाची कडही साच्याला शीर वाटे. १९९८मध्ये फ्रांगी आणि उत्रेख्तमधल्या त्यांच्या सहसंशोधकांनी नळीसारखा आकार ओळखणारी गाळणी मांडली. २००४मध्ये नेदरलँड्समधल्या नेत्रतपासणीतले ४० फोटो सर्वांसाठी खुले झाले. त्यातली शीर न् शीर माणसांनी हातानं रेखली होती. २०१५मध्ये फ्रायबुर्गमधून यू-नेट हे उदाहरणांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क आलं. ते मुळात सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींसाठी होतं, पण अशा रेखलेल्या फोटोंवरून ते शिराही शिकलं. या यशाचं कौतुक होतं तेव्हा रेखणाऱ्या हातांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तसेच हात नांदेडातही राबले. तिथल्या नेत्रचिकित्सालयातले ५१६ फोटो गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१८मध्ये जगापुढे ठेवले. त्यातल्या ८१ फोटोंत मधुमेहानं बिघडलेल्या शिरांच्या खुणा बिंदू-बिंदूनं दाखवल्या आहेत: बारीक फुगवटे, रक्ताचे डाग, पिवळे साठे.

आई नांदेडशेजारच्या परभणीची. नांदेडचं नाव ऐकताच म्हणाली, "माझा फोटो दाखव बरं पुन्हा."