समुद्राचे गणित आणि नाटे येथील मच्छीमार

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव इतिहासप्रेमींना यशवंतगडामुळे ठाऊक असते. तेथील घरांची चूल मात्र गडावर नव्हे, साखरी नाटे बंदरातील नौकांवर पेटते. नवी नौका बांधताना किंवा जाळ्यांसाठी कर्ज काढताना मच्छीमार मनाशी एक हिशेब करतो : पुढील पंधरा-वीस वर्षे याच पाण्यात मासा मिळेल ना? आजवर याचे उत्तर वडीलधाऱ्यांच्या अनुभवातून मिळत असे. परंतु तो अनुभव ज्या समुद्राचा, तो समुद्रच आता तापत आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले.

एक-सव्वा अंश म्हणजे काय मोठेसे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. आपण पंखा लावतो; माशाला ती सोय नाही. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी तापले की त्याला प्राणवायू अधिक लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय वरचा उष्ण थर झाकणासारखा बसला की तळाकडील पोषक द्रव्ये वर येत नाहीत, आणि सूक्ष्म वनस्पती-प्लवक, म्हणजे समुद्रातील अन्नसाखळीची पहिली कडी, क्षीण होते.

शास्त्रज्ञ ज्याला ‘मॉडेल’ किंवा प्रतिमान म्हणतात, ते म्हणजे या सर्व गोष्टींचा संगणकावर मांडलेला जमाखर्च होय. समुद्राचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील भावी तापमान, प्राणवायू व प्लवक हवामानाच्या प्रतिमानातून घेतले जातात. कोणत्या माशाला किती उष्णता सोसते, तो किती वर्षे जगतो, किती अंडी घालतो, हे त्यात मिळविले जाते. शेवटी माणूस किती मासा काढतो ते वजा होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम च्युंग व सहकारी यांनी २०१० साली अशाच गणिताने मांडले, की २०५५पर्यंत उष्ण कटिबंधातील संभाव्य पकड ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते, तर उत्तरेकडील थंड समुद्रांत ती वाढेल. पुढे ‘फिश-मिप’ या उपक्रमात अनेक देशांतील प्रतिमाने शेजारी शेजारी ठेवण्यात आली. त्यांचा २०१९चा निष्कर्ष असा, की मासेमारी बाजूला ठेवली तरी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे समुद्रातील प्राणिसृष्टीचे एकूण वजन सरासरी ५ टक्क्यांनी घटेल.

आपल्या किनाऱ्यावर याचे ठळक उदाहरण म्हणजे तारली. कोची येथील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार १९८५पर्यंत ही मासळी मुख्यत्वे मलबारच्या पट्ट्यात मिळे. होन्नावरच्या उत्तरेस ती क्वचितच. पुढील दोन दशकांत ती उत्तरेकडे पसरली. बांगडाही पूर्वीपेक्षा खोल पाण्यात सापडू लागला. वरवर पाहता कोकणाचा हा लाभच. पण मासा सरकतो तेव्हा तो वाटेत थांबेलच असे नाही. आज दक्षिणेकडून येणारा थवा उद्या आपल्याही पुढे जाऊ शकतो.

आणि तारली गणिताला सहज दाद देत नाही. केरळात २०१२ साली तिची पकड सुमारे ४ लाख टन होती. २०२१ साली ती अवघी ३,२९७ टन उरली, आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा लाखापुढे गेली. १९४०च्या दशकातही मलबारात तारली अशीच दिसेनाशी झाली होती, तेव्हा हवामान-बदलाची चर्चाही नव्हती. म्हणून वीस-तीस वर्षांचा कल सांगणारे प्रतिमान पुढच्या हंगामाची हमी देऊ शकत नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडून मिळणारी संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना निराळी. ती उपग्रहाने टिपलेल्या तापमानावर व हरितद्रव्यावर आधारलेली, अगदी जवळच्या काही दिवसांपुरती असते. या दोहोंची गल्लत होऊ नये.

दुसरी मर्यादा चौकोनाची. जागतिक प्रतिमानांत तो बहुधा अर्ध्या किंवा एका अंशाचा, म्हणजे साधारण ५५ ते ११० किलोमीटर लांबीचा असतो. एका अंशाच्या चौकोनात मालवणपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा मावतो, आणि त्यातील बराच भाग चक्क जमीन असते! नाटे येथील खाडीचे मुख, पिल्ले वाढतात ते उथळ पाणी, खडक, यांतील काहीच त्यात दिसत नाही.

माडबन येथील नियोजित ९,९०० मेगावॅटच्या अणुऊर्जा प्रकल्पाविषयी साखरी नाटे येथील मच्छीमारांचा आक्षेप नेमका इथलाच होता. प्रकल्पातून समुद्रात सोडले जाणारे उष्ण पाणी मासळीला हुसकावील, ही त्यांची भीती. एप्रिल २०११मध्ये या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला. प्रकल्प अद्याप उभा राहिलेला नाही. आधीच तापत असलेल्या समुद्रात अशा पाण्याची आणखी भर पडल्यास खाडीमुखाशी काय घडेल, याचे उत्तर एका अंशाच्या चौकोनातून निघणार नाही. त्यासाठी त्याच खाडीचे पाणी, तीच मासळी, महिन्यामागून महिना मोजावी लागेल. आणि कोणत्या पाण्यात, कोणत्या तिथीला, कोणता मासा लागला, हे तेथील तांडेलांना विचारूनच त्या वहीची पहिली पाने भरता येतील.