मूलपेशी, त्यांच्या पुटिका आणि आपले रुग्णालय

दरवर्षी या अहवालात वैद्यकशास्त्रातील एका नव्या विषयाची ओळख करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्ही निवडला नाही. तो दोन प्रसंगांनी आमच्यापुढे आणला. आपल्या रुग्णालयाच्या एका जुन्या हितचिंतकांनी 'मूलपेशी उपचार कक्ष' सुरू करावा म्हणून मोठी देणगी देऊ केली. त्याच सुमारास रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचे कुटुंबीय एक जाहिरातपत्रक घेऊन आमच्या कार्यालयात आले. रुग्णाशी पूर्ण जुळणारा दाता एकच होता, त्यांचे बासष्ट वर्षांचे थोरले बंधू. दात्याचे वय जास्त असल्याची चिंता डॉक्टरांनी व्यक्त केली होती. पत्रकात मात्र 'एक्सोसोम'च्या इंजेक्शनाने पेशी तरुण होतात, असे छापलेले होते. "साहेब, शेत विकतो, पण हे खरे आहे का तेवढे सांगा," असे ते म्हणाले.

आम्ही शास्त्रज्ञ नाही. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. तरीही उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. आमच्या डॉक्टरांच्या साहाय्याने जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

आपल्या हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत रक्त तयार होते. निरोगी प्रौढाच्या शरीरात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने निर्माण होतात. हा सारा व्यवहार मोजक्या रक्तजनक मूलपेशींच्या बळावर चालतो. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार चालवावा, तशी या पेशींची रीत आहे. त्या स्वतःची संख्या राखतात आणि रक्तपेशींना जन्मही देतात. रोगट मज्जा काढून टाकून दात्याच्या मूलपेशी देणे म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. भारतात ते प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

मात्र दाता वृद्ध असेल तर त्याच्या मूलपेशी रुग्णाच्या मज्जेत नीट रुजत नाहीत, अशी अडचण येते. या प्रश्नावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले आहे. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत दीर्घकाळ संशोधन केलेल्या आणि पुढे सिंबायोसिसमध्ये मूलपेशी संशोधन करणाऱ्या डॉ. वैजयंती काळे यांचा हा विषय. त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेले संशोधन २०१८ साली 'स्टेम सेल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ते समजण्यासाठी आधी पुटिका म्हणजे काय ते पाहू. पेशी आपल्या अंगातून अतिसूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात. यांतील सर्वांत लहान त्या एक्सोसोम. त्यांचा आकार साधारण तीस ते दीडशे नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर होतो. त्याहून मोठ्या पुटिकांना मायक्रोव्हेसिकल म्हणतात. कॅनडातील रोझ जॉन्स्टन यांनी १९८३ साली मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत ही क्रिया पाहिली आणि १९८७ साली 'एक्सोसोम' हे नाव रूढ केले. तेव्हा हा पेशीचा केरकचरा असावा असेच बहुतेकांना वाटे. २००७ साली स्वीडनमधील यान लोट्वाल यांच्या गटाने दाखवले की या पुड्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत पोहोचून कामास लागतो. म्हणजे ज्याला केर समजलो, ती टपाल निघाली.

अस्थिमज्जेत रक्तजनक मूलपेशींच्या शेजारी मेसेनकायमल नावाच्या आधारपेशी असतात. डॉ. काळे यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून पाहिले की म्हाताऱ्या मूलपेशी थोडा काळ तरुण आधारपेशींच्या सहवासात ठेवल्या, तर त्यांची कार्यक्षमता परत येते. हा गुण आधारपेशींच्या मायक्रोव्हेसिकलमधून येतो. पेशीने आपल्या घरातील जीर्ण भाग स्वतःच मोडून पचवण्याच्या क्रियेला ऑटोफॅगी म्हणतात. तिला लागणारे संदेश या पुटिकांत असतात.

वय वाढले की आधारपेशींत एकेटी नावाची संकेतयंत्रणा अधिक जागी होते. मग मायक्रोव्हेसिकलमधील उपयुक्त संदेश घटतात आणि एक्सोसोममधून ऑटोफॅगीस मारक असे सूक्ष्म आरएनए जाऊ लागतात. एकेटीला आवर घातल्यावर वृद्ध आधारपेशींच्या पुटिकाही पुन्हा हितकारक झाल्या. दात्याच्या पेशी शरीराबाहेरच अशा रीतीने सुधारून मग प्रत्यारोपण करता आले, तर वृद्ध दात्यांचाही उपयोग होईल, अशी आशा या संशोधकांनी व्यक्त केली आहे.

यातून दोन गोष्टी आमच्या ध्यानी आल्या. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. आणि त्याच प्रकारच्या पेशीच्या एका पुटिकेत उपकार, तर दुसरीत अपकार असू शकतो. मग कोठल्या पेशीची, किती वयाची, कशी गाळलेली पुटिका, हे न सांगता कुपी विकणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा? डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक्सोसोमच्या नावाखाली दिलेल्या मान्यताहीन उत्पादनांमुळे नेब्रास्का राज्यातील रुग्णांना गंभीर अपाय झाल्याचे जाहीर केले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, ठरावीक रोगांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त रीतसर मान्यताप्राप्त चाचण्यांतच व्हावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

त्या कुटुंबाला आम्ही सांगितले की शेत विकू नका. रुग्णास मुंबईच्या प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवले. तेथील तज्ज्ञांनी पूर्ण जुळणारे ज्येष्ठ बंधू आणि निम्मा जुळणारा तरुण मुलगा यांचा तौलनिक विचार करून मुलाची निवड केली. हे लिहीत असताना रुग्ण तेथे देखरेखीखाली आहेत. पुढे काय होईल हे काळच सांगेल.

देणगीदारांसमोरही आम्ही हीच माहिती ठेवली आणि कक्षाचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाने नम्रपणे नाकारला. देणगी परत जाईल, अशी धास्ती आम्हांस होती. परंतु त्या सद्गृहस्थांनी तीच रक्कम गरजू रुग्णांच्या भावंडांच्या व मुलांच्या जुळणी चाचण्यांसाठी आणि प्रत्यारोपण केंद्रापर्यंतच्या प्रवासखर्चासाठी दिली. त्यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.

पुण्यातील प्रयोगशाळेतून निघालेली ही वाट एक दिवस रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावी, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे. ती रीतसर पोहोचेल त्या दिवशी आपले रुग्णालय मागे राहणार नाही. तोपर्यंत कोणी असे पत्रक हाती दिले, तर पैसे भरण्यापूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन विचारावे. या चौकशीस कोणतेही शुल्क नाही.