बालकांमधील क्षयरोगाचे निदान : काही खुलासा

"रिपोर्टमध्ये काही निघाले नाही, मग इतके महिने औषध कशासाठी?" असे पालक बालरुग्ण विभागात वारंवार विचारतात. क्षयाच्या संशयावरून बालकांना दोन-तीन दिवस दाखल का ठेवतात, अशी पृच्छा काही देणगीदारांनीही केली आहे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे.

प्रौढ रुग्ण खोकून बेडका देतो व त्यात बहुधा जंतू सापडतो. लहान मूल बेडका गिळून टाकते. शिवाय त्याच्या शरीरात जंतूंची संख्याच अल्प असते. म्हणून पहाटे, मूल उपाशी व अंथरुणातच असताना, नाकातून बारीक नळी घालून जठरातील स्राव काढावा लागतो. मुलाने काही खाल्ले की नमुना वाया जातो. सुरगाणा वा पेठहून येणाऱ्या कुटुंबास ही वेळ गाठणे अशक्य, म्हणून आदल्या रात्रीच दाखल करावे लागते. सीबीनॅट यंत्रावर हा स्राव तपासल्यास जंतूंचे अस्तित्व व रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, हे सुमारे दोन तासांत समजते. मात्र जंतू न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

माँटू चाचणीचा फुगवटा ४८ ते ७२ तासांनी मोजतात. मजुरी बुडते म्हणून कुटुंब मध्येच गावी परतले की ती चाचणी फुकट जाते. कुपोषित बालकात तर रोग असूनही फुगवटा येत नाही. काही पालक बाहेरून रक्ततपासणी करून आणतात. परंतु रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर केंद्र शासनाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

अशा वेळी डॉक्टर सारे पुरावे एकत्र मांडतात : दोन आठवड्यांहून अधिक ताप वा खोकला, न वाढणारे वजन, छातीचा एक्स-रे आणि घरातील क्षयरुग्ण. हिशेब एका नोंदीवरून जुळत नाही, तसेच हे आहे. यांतील शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. नेमकी तीच लपवली जाते. आजोबांचा खोकला 'जुना दमा' म्हणून सांगितला जातो, कारण घरात लग्नाची मुलगी असते.

निदान होताच रुग्णाची 'निक्षय' प्रणालीत नोंद होते. औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. पोषणासाठीचे दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे. बालकास आणताना घरातील खोकणाऱ्या व्यक्तीसही सोबत आणावे, ही पालकांना विनंती.