बातमी सर्वांना, पण एकदाच

परीक्षेच्या वेळापत्रकात बदल झाला की तो निरोप शिक्षकांच्या मोबाइलवर निदान चार गटांतून चार वेळा येतो. कधी मागच्या वर्षीचा निरोप कोणीतरी पुन्हा फिरवतो आणि ‘उद्या सुट्टी आहे का?’ असे विचारणारे फोन सुरू होतात. निरोप सर्वांपर्यंत पोहोचावा, पण प्रत्येकाकडे एकदाच यावा आणि शिळा झालेला निरोप ताजा म्हणून परत येऊ नये, अशी काही व्यवस्था करता येईल का? तीही मध्ये एखादे मुख्य कार्यालय न ठेवता?

अशी व्यवस्था करता येते. संगणकांच्या जगात ती चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिच्यामागची युक्ती इतकी सोपी आहे की आठवीच्या वर्गात कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन ती करून पाहता येईल.

पाच शाळा, पाच फलक

भंडारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. जवाहरनगर ही दारूगोळा कारखान्याची वसाहत भंडारा शहराच्या पश्चिमेला, नागपूरच्या बाजूला आहे. भंडाऱ्याहून तुमसरला जाताना वाटेत वरठी आणि मोहाडी लागतात. समजा, या पाच ठिकाणच्या शाळांत एकेक सूचनाफलक आहे. जवाहरनगरची देवाणघेवाण फक्त भंडाऱ्याशी होते. पुढे भंडारा-वरठी, वरठी-मोहाडी, मोहाडी-तुमसर अशी साखळी आहे. शिवाय भंडारा आणि तुमसर यांचा थेट संबंध आहे. नियम एकच: फलकावर नवे काही आले की त्याची नक्कल सर्व शेजाऱ्यांना द्यायची.

जवाहरनगरच्या एका मुलीने फलकावर लिहिले, ‘आज पहाटे धूमकेतू दिसला.’ नक्कल भंडाऱ्याला गेली. भंडाऱ्याने ती वरठीला दिली, तुमसरला दिली आणि नियमाप्रमाणे जवाहरनगरलाही परत दिली! वरठी आणि तुमसर या दोघांनीही ती मोहाडीला दिली. मोहाडीने वरठीकडून आलेली तुमसरला आणि तुमसरकडून आलेली वरठीला दिली. धूमकेतू दिसेनासा झाला तरी त्याची बातमी या चौकोनात फिरतच राहील.

मग भंडारा-तुमसर हा दुवा काढून टाकावा का? तसे केले तर फिरणे थांबेल, पण वरठीचा रस्ता बंद पडला की मोहाडी आणि तुमसर दोन्ही गावे बातमीला मुकतील. एकाहून अधिक वाटा असणे हीच या व्यवस्थेची ताकद आहे. तेव्हा वाटा ठेवायच्या आणि चक्र मात्र थांबवायचे, हे खरे कोडे आहे.

कोडे कोणी सोडवले?

१९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी अशा फलकांची कल्पना मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिचा पहिला छोटा प्रोग्रॅम लिहिला. या जाळ्याला ‘यूजनेट’ म्हणतात. त्यावरील प्रत्येक विषयाच्या फलकाला ‘न्यूजग्रुप’ आणि फलकावरील मजकुराला ‘लेख’ म्हणतात. जाळ्याला मालक नाही आणि मुख्यालयही नाही. प्रत्येक संस्थेचा सर्व्हर आपल्या ठरलेल्या शेजाऱ्यांशी लेखांची देवाणघेवाण करतो.

लेखाच्या माथ्यावर काही ओळी असतात. त्यांपैकी दोन ओळींत आपल्या कोड्याचे उत्तर आहे. ‘पाथ’ म्हणजे वाट, ही पहिली ओळ. लेख ज्या सर्व्हरवर येतो तो आपले नाव या ओळीत सर्वांत पुढे लिहितो आणि दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह घालतो. आपला लेख तुमसरला पोहोचला की ती ओळ ‘तुमसर!भंडारा!जवाहरनगर’ अशी होईल. पुढे कोणाला द्यायचे हे ठरवताना तुमसर ही ओळ वाचतो. तिच्यात भंडाऱ्याचे नाव असल्याने भंडाऱ्याला पुन्हा देण्याची गरज नाही, हे त्याला कळते.

पण एवढ्याने भागत नाही. तुमसरकडून मोहाडीला आलेल्या नकलेवर वरठीचे नाव नाही. म्हणून मोहाडी ती वरठीला देऊ पाहील. इथे दुसरी ओळ उपयोगी पडते, ती म्हणजे ‘मेसेज-आयडी’. प्रत्येक लेखाला जन्मतःच एक क्रमांक मिळतो. तो दुसऱ्या कोणत्याही लेखाला द्यायचा नाही आणि वाटेत कोणी बदलायचाही नाही. आलेल्या प्रत्येक लेखाचा क्रमांक सर्व्हर एका वहीत टिपून ठेवतो. मोहाडीने विचारले की वरठी वही पाहते आणि ‘हा माझ्याकडे आहे’ म्हणून नकार देते.

ही विचारपूस कशी करायची याचे नियम ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एन.एन.टी.पी.’ या पद्धतीत घालून दिले. एक सर्व्हर म्हणतो, ‘माझ्याकडे अमुक क्रमांकाचा लेख आहे.’ दुसऱ्याने ३३५ हा आकडा पाठवला तर ‘पाठवा’, ४३५ पाठवला तर ‘नको’. लेख नीट पोहोचला की २३५ अशी पोच मिळते. संपूर्ण लेख पाठवून मग तो फेकून देण्यापेक्षा आधी एका ओळीत विचारलेले बरे!

ही काटकसर का महत्त्वाची होती, हे एका गणितावरून कळेल. भारतातील शिक्षणसंस्था जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सुरू केले. त्याचे परदेशाशी जोडलेले दार मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होते. १९८९ साली तिथून अमेरिकेपर्यंत भाड्याची जी लाइन होती तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. आठ बिटांचे एक अक्षर धरले तर सेकंदाला १,२०० अक्षरे झाली. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे लाइन क्षणभरही न थांबता चालली तरी दिवसभरात १० कोटी ३६ लाख ८० हजार अक्षरे आली असती. आज फोनवरच्या एका छोट्या व्हिडिओलाही एवढी जागा सहज लागते. अशा लाइनवर एकच लेख दोनदा आणणे परवडणारे नव्हते.

सर्व्हरला काय काय सांगावे लागते?

हे काम करणारे सॉफ्टवेअर नुसते बसवून चालत नाही. आपल्या परिस्थितीप्रमाणे त्याची जुळणी करावी लागते. रिच साल्झ यांनी लिहिलेले आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेले ‘आय.एन.एन.’ हे या कामाचे नावाजलेले सॉफ्टवेअर आजही वापरात आहे. त्याची जुळणी म्हणजे साध्या मजकुराच्या काही फायलींत चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवणे.

कोणाकडून घ्यायचे? ज्या शेजाऱ्यांवर विश्वास आहे त्यांचीच नावे एका फाइलीत लिहितात. यादीबाहेरच्याने लेख आणून दिले तर ते घेतले जात नाहीत.

कोणते न्यूजग्रुप ठेवायचे? त्यांची यादी दुसऱ्या फाइलीत असते. यादीत नसलेल्या ग्रुपचा लेख सामान्यतः स्वीकारला जात नाही.

कोणाला काय द्यायचे? ही फाइल सर्वांत काळजीने लिहावी लागते. दर शेजाऱ्यासाठी एक नोंद असते. तिच्यात शेजाऱ्याचे नाव आणि त्याला द्यायच्या ग्रुपांचे वर्णन असते. इथे तारा म्हणजे ‘काहीही’ आणि उद्गारचिन्ह म्हणजे ‘हे वगळून’. वर्णनात दोन कलमे एकमेकांविरुद्ध गेली तर नंतरचे कलम खरे धरतात. त्यामुळे ‘सगळे द्या, चित्रांचे वगळा’ आणि ‘चित्रांचे वगळा, सगळे द्या’ यांचा परिणाम एक नसतो! दुसऱ्या क्रमात चित्रेही जातात. शेजाऱ्याचे नावही तो ‘पाथ’मध्ये जसे लिहितो तसेच हवे. ते जुळले नाही तर त्याचेच लेख त्याला पुन्हा पुन्हा देऊ केले जातात. तो नकार देतो खरा, पण विचारपूस वाया जाते.

किती दिवस ठेवायचे? जागा मर्यादित असते, म्हणून जुने लेख पुसावे लागतात. क्रमांकांची वहीही अनंत वाढू देता येत नाही. इथेच एक सुंदर विचार दडला आहे.

विसरायचे कधी?

समजा, वरठीने क्रमांक फक्त पाच दिवस लक्षात ठेवायचे ठरवले. धूमकेतूचा लेख १ तारखेला आला. ६ तारखेनंतर त्याचा क्रमांक वहीतून पुसला गेला. मोहाडीची लाइन आठवडाभर बंद होती, ती ८ तारखेला सुरू झाली आणि मोहाडीने तोच लेख देऊ केला. वही कोरी असल्याने वरठीला तो नवाच वाटला! तिने तो फलकावर लावला आणि पुढेही देऊ केला. इतरांची स्मरणशक्तीही तेवढीच तोकडी असेल तर लेख पुन्हा गावभर फिरेल.

यावर उपाय असा: ठरावीक दिवसांपेक्षा जुना लेख घ्यायचाच नाही, मग तो वहीत असो वा नसो. आय.एन.एन.मध्ये ही मर्यादा साधारणपणे १० दिवसांची असते आणि क्रमांक ११ दिवस लक्षात ठेवतात. म्हणजे ज्या लेखाचा क्रमांक आपण विसरलो तो तारखेवरूनच जुना ठरलेला असतो. एक दिवस जास्त का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारा. उत्तर घड्याळात आहे. एखाद्या संगणकाचे घड्याळ पुढे असू शकते, म्हणून एक दिवस पुढची तारीख असलेला लेखही स्वीकारला जातो. असा लेख आजपासून अकराव्या दिवसापर्यंत ‘ताजा’ ठरेल. तेव्हा स्मरणही तेवढे लांब हवे.

न आलेला लेख दिसत नाही

यूजनेटवर मराठी माणसांचाही एक ग्रुप होता. त्याचे नाव ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’. परदेशातील मराठी मंडळी तिथे रोमन लिपीत मराठी लिहीत. आता पाहा, एखाद्या सर्व्हरच्या चालकाने फाइलीत ‘सॉक.कल्चर.इंडियन’ एवढेच लिहिले तर त्या नावाचा ग्रुप येई, मराठीचा येत नसे. पोटग्रुप हवे असतील तर शेवटी टिंब आणि तारा असलेले वेगळे कलम लागते. एका ताऱ्याच्या अभावी सगळ्या विद्यापीठाला मराठीतले बोलणे ऐकू आले नसते. शिवाय कोणाची तक्रारही आली नसती, कारण दोनदा आलेला लेख डोळ्यांत भरतो, न आलेल्या लेखाचा पत्ताच लागत नाही.

मुख्यालय नसलेल्या व्यवस्थेची ही दुसरी बाजू आहे. एका जागी बसून कोणी सर्वांची बातमी अडवू शकत नाही, पण दर ठिकाणचा चालक आपल्यापुरता दारवान असतो. म्हणून जुळणीनंतर चांगला चालक दोन प्रश्न विचारतो. नको ते येते का, हा पहिला आणि हवे ते येते का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला शेजाऱ्याच्या यादीशी आपली यादी ताडून पाहावी लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सने यूजनेटशी देवाणघेवाण थांबवली, तरी इतर अनेक सर्व्हरांमध्ये ती चालू आहे. आणि आपला पहिला प्रश्न? मोबाइलवर पुढे ढकललेला निरोप यंत्राच्या लेखी दर वेळी नवा निरोप असतो. त्याचा मूळ क्रमांक आणि आलेली वाट पुढे येत नाही. मग तो चार वेळा येणारच.

वर्गात करून पाहा. पाच मुलांना पाच गावे द्या आणि एका चिठ्ठीच्या नकला आधी नियमांशिवाय फिरवा. मग चिठ्ठीवर क्रमांक आणि वाट लिहा, प्रत्येकाला एक वही द्या आणि पुन्हा फिरवा. दोन्ही वेळा किती नकला हातोहात गेल्या ते मोजा. शेवटी एकाच्या वहीचे पान गुपचूप फाडून काय होते ते मुलांनाच शोधू द्या.